पेरलेली साखळी

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

आधी अभिनंदन, मग भांडण. एवढी मोठी बातमी मला जिन्यात कळावी? दादाने आईला फोन केला, आईने खालच्या काकूंना सांगितलं, आणि काकूंनी मला पायरीवर अडवून दोन्ही हात हातात घेतले. मला आधी वाटलं, कुणी गेलं की काय. मग कळलं की माझ्या वहिनीने नवं मूलद्रव्य शोधलं. मी आपली "हो ना, हो ना" करत वर आले. ज्या बाईबरोबर मी इतकी वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला, तिची बातमी मला काकू देतात. असो, तू कामात बुडालेली असणार.

आईला वाटतंय की तू धातू शोधलास. तो कुठे ठेवलाय आणि येताना थोडासा आणता येईल का, असं तिने विचारलं. मी तिला सांगितलं की तो ठेवता येत नाही. एवढ्या जड केंद्रकात इतकी दाटी होते की त्याला स्वतःला धरून ठेवताच येत नाही. ते एक तुकडा बाहेर फेकतं, जरा हलकं होतं, तरी भागत नाही, पुन्हा फेकतं. असं चार-पाच वेळा होतं आणि शेवटी ते मधोमध फुटतं. जन्म कुणालाच दिसत नाही. आपण फक्त फेकलेल्या तुकड्यांची साखळी ओळीने मोजतो आणि उलटं मागे जात म्हणतो, सुरुवातीला अमुक होतं. आई म्हणाली, "म्हणजे सामान बाहेर पडल्यावर तुम्हाला कळतं, घरात कोण राहत होतं." आता ती सगळ्यांना हेच सांगत सुटली आहे.

तुझा निबंध मिळवून वाचला. दोनदा वाचला. एक गंमत सांगू? साखळीतले ऊर्जेचे आकडे बघून मला हसूच आलं. आपल्या जुन्या प्रयोगात आमची परीक्षा बघायला तू जी खोटी साखळी पेरली होतीस, जी मी खरी समजून नाचले होते, तिचे आकडे जवळजवळ हेच होते. पाचही पायऱ्या. फक्त तेव्हाचे सगळे थोडे थोडे कमी होते. तू मनाने रचलेलं निसर्गाने इतक्या वर्षांनी तसंच्या तसं करून दाखवावं म्हणजे कमालच झाली. तुझा अंदाज तेव्हाही असा होता, आणि मी तुला गणितात कच्ची म्हणायचे!

फक्त एवढं सांग, तेव्हा पाचही आकडे तू सारखेच कमी का ठेवले होतेस? उगाच डोक्यात राहिलंय.

दादाला सांग, माझी दाढ पुन्हा ठणकते आहे आणि इथल्या दंतवैद्याचे हात त्याच्यासारखे हलके नाहीत.

तुझीच,
चिमणी

३० जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या तीन ओळी पोचल्या. फोटो सुंदर आहे. दादाचं पोट सुटलंय, हे त्याला माझ्याकडून सांग.

"योगायोग असतात गं" असं तू लिहिलंयस. आणि खाली, "जुन्या नोंदी उघडत बसू नकोस, डोळे बिघडतील." माझ्या डोळ्यांची एवढी काळजी आजवर डोळ्यांच्या डॉक्टरनेही केली नव्हती. पण ऐकायचं कसं? तुझी चिठ्ठी आली त्याच दिवशी निवाडा समितीचंही पत्र आलं. तुला त्याची कल्पना असेलच. त्यांचं म्हणणं असं की तुमच्याकडे एकच साखळी आहे, आणि एका साखळीवर ते कुणालाही मूलद्रव्याचं श्रेय देणार नाहीत. दुसऱ्या प्रयोगशाळेने, दुसऱ्या यंत्रावर तीच साखळी पाहिलेली असली पाहिजे. म्हणून तोच कणांचा झोत त्याच लक्ष्यावर कधी काळी आदळवणाऱ्या सगळ्यांना ते विचारताहेत की तुमच्या जुन्या नोंदींत काही सुटलंय का. उत्तर वसंत ऋतू संपायच्या आत हवंय. आपल्याकडे जुन्या नोंदींची राखण आता मीच करते, त्यामुळे पत्र फिरत फिरत माझ्याच टेबलावर येऊन बसलं.

म्हणजे तुझं भलं व्हायचं तर जुन्या नोंदी मला उघडाव्याच लागणार. तू नको म्हणतेस आणि समिती हो म्हणते. समितीत माझी कुणी वहिनी नाही, म्हणून तिचं ऐकते.

नोंदी काढताना तो दिवस आठवला. तुला आठवतो का? लांबट टेबलाची खोली, एका बाजूचा पडदा कायमचा अडकलेला, आणि थोरले सर खुर्चीत मागे रेलून बसलेले. सरांचा तो पेरणीचा नियम. झोत सुरू व्हायच्या आधी आपल्यापैकी एकाने एक खोटी साखळी रचायची आणि ती नोंद होतानाच आपोआप खऱ्या नोंदींत मिसळेल अशी सोय करून ठेवायची. बाकीच्यांनी शोधायचं. सापडली तर शोधणारे जागे आहेत, नाही सापडली तर झोपलेत. सापडलेलं खरं की पेरलेलं, हे पेरणाऱ्याने शेवटी टेबलाशी तोंडाने सांगायचं. कागदावर काही ठेवायचं नाही, कारण कागद कुणीतरी उघडून बघतोच, असं सर म्हणायचे. माणसाच्या शब्दावर एवढं मोठं यंत्र चालवणारी आपली एकच जागा असेल.

त्या खेपेला पेरणारी तू होतीस. मी उभी राहून माझी साखळी दाखवली. सरांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस, हसलीस आणि म्हणालीस, "ही माझी." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? मी तेव्हाही विचारलं होतं की आकडे पुस्तकी अंदाजाच्या असे खालच्या बाजूला का. तू म्हणालीस, "मुद्दाम. खरं वाटावं म्हणून."

त्या संध्याकाळी तू मला घरी घेऊन गेलीस, चहा करून दिलास, आणि मी रडत होते तेव्हा माझं नाक पुसलंस. पेरलेलं बरोब्बर टिपणारी म्हणून तूच मला चिमणी म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून सगळी प्रयोगशाळा म्हणायला लागली. अजून म्हणतात, दारावरचा माणूससुद्धा.

मला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण तुझ्यामुळे ते सोसलं. म्हणून आठवण काढली, दुसरं काही नाही.

चिमणी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे येईल ते येईल.

तुला माहीत आहे की त्या प्रसंगानंतर मी शोधायचं काम सोडलं आणि यंत्रांची जुळवणी, म्हणजे त्यांचे आकडे खरे ठेवायचं काम, करायला लागले. लोकांना वाटलं, चिमणीचा हिरमोड झाला. झालाच होता. पण त्यातून एक गोष्ट मला नीट यायला लागली. आपण तेव्हा तुकड्यांची ऊर्जा मोजणाऱ्या सिलिकॉनच्या पाटीची जुळवणी दिवसभराची सरासरी काढून करायचो. आता मी ती तासातासाची करते. आपला तो पोलोनियम आठवतो ना, न बोलावता प्रत्येक प्रयोगात येऊन बसणारा? त्याची ऊर्जा जगाला ठाऊक आहे, ती बदलत नाही. तो ज्या तासाला जिथे दिसायला हवा तिथे दिसला, तर पाटी ठीक. खाली सरकला, तर पाटीचं काहीतरी बिनसलंय.

माझी साखळी ज्या तासात आली त्या तासाचा पोलोनियम मी पाहिला. तो खाली सरकलेला होता. आधीच्या तासात ठीक, नंतरच्या तासात ठीक, आणि त्या मधल्या तासात खाली. थंड पाण्याचा पंप तेव्हा बंद पडला होता. पाटी तापली आणि जे जे येत होतं ते ते कमी दिसायला लागलं. दिवसाच्या सरासरीत ते बुडून गेलं, म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पोलोनियम जेवढा घसरला होता, माझ्या पाचही पायऱ्या बरोबर तेवढ्याच घसरल्या आहेत. तेवढं परत मिळवलं की उरतात ते तुझ्या निबंधातले आकडे.

आता तू मला सांग. पेरलेली साखळी तू झोत सुरू व्हायच्या आधी रचून ठेवतेस. तिचे आकडे तयार असतात, ती पाटीतून येतच नाही. पंप बंद पडणार आहे हे तिला कुठून कळेल? त्या तासात जो ताप आला तो पाटीतून आलेल्या सगळ्यांना आला, आणि माझ्या साखळीलाही आला. याचा अर्थ ती पाटीतूनच आली होती. ती कुणी पेरली नव्हती.

वहिनी, ती खरी होती.

मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले आणि सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग मी घरी जाऊन आईच्या शेजारी बसले आणि तिने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, दाढ दुखतेय.

अजूनही मला एक वाट ठेवायची आहे. तुझ्या हातून गफलत झाली असेल. तू पेरलेली आणि मला मिळालेली दिसायला सारखी असतील, तू घाईत हो म्हणाली असशील. तसं असेल तर एका ओळीत लिही. मी विश्वास ठेवायला तयार बसले आहे, इतकी की माझी मलाच लाज वाटते.

मी

४ मार्च

वहिनी,

तुझी ओळ आली नाही. दादाचा फोन आला.

त्याने आधी माझ्या दाढेची चौकशी केली. मग आईची. मग इथल्या हवेची. दादा असा लांबून लांबून यायला लागला की मला लहानपणापासून कळतं, त्याने काहीतरी फोडलंय. शेवटी म्हणाला की तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, आणि मी तुला कसलीतरी पत्रं पाठवते आहे. मी म्हटलं, वाचलीस का? म्हणाला, त्यातलं त्याला काही कळत नाही, तो आपला दात काढणारा माणूस. मी त्याला सोप्या शब्दांत सांगितलं की मला जी साखळी मिळाली होती ती वहिनीने पेरलेली नव्हती, असं दिसतंय.

तो सहज म्हणाला, "हां, ते तर ती तेव्हाच म्हणाली होती. तिची कुणाला सापडलीच नाही म्हणून."

पलीकडे कुणीतरी नळ बंद केल्याचा आवाज आला, बहुधा तूच.

मी विचारलं, "कधी म्हणाली होती, दादा?"

"त्याच दिवशी रात्री. तू चहा पिऊन गेलीस ना, त्यानंतर. मला म्हणाली, हिला सांगू नको, उगाच मनाला लावून घेईल. मला वाटलं तुमच्या कामातलं काहीतरी असेल."

म्हणजे हा माझा सख्खा भाऊ. मी गेल्यावर ज्या खुर्चीतून मी उठले होते तिच्यात तो बसला असेल, तू माझा कप विसळत त्याला हे सांगितलं असशील, आणि त्याने मान हलवून वर्तमानपत्र उघडलं असेल. दादाने खोटेपणा केला असं मी म्हणत नाही. त्याला दातांपलीकडे कुठल्याच गोष्टीचा तळ लागत नाही. पण इतक्या वर्षांत एकदा, एखाद्या वाढदिवसाला, एखाद्या फोनवर, "अगं, तेव्हा ती असं म्हणाली होती" एवढं सहज निघालं असतं तर? आज जसं निघालं तसं? त्याने जपून ठेवलं. तू ठेव म्हणालीस म्हणून ठेवलं. बायकोचा शब्द पाळला, याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटत नाही.

आता ती वाट बंद झाली. गफलत नव्हती. तुला त्या क्षणी माहीत होतं. मी उभी होते, आणि तुला कळलं की हे आपलं नाही, म्हणजे हे खरं आहे. सबंध खोलीत ते कळलेली तू एकटी होतीस. मग तू हसलीस.

तुला दादाशी आणि माझ्या घराशी मीच जोडून दिलं. दादाला सिनेमाची तिकिटं मीच आणून दिली होती. लग्न झाल्यावर आईने दटावलं, "आता नावाने हाक मारायची नाही, वहिनी म्हण." मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी उगाचच दहा वेळा वहिनी म्हणून हाक मारली. हे आठवलं की अंगाची आग होते.

११ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं, या वेळी चांगलं चार पानी. त्याला उत्तर देण्याआधी मी काय केलं ते सांगते.

मी विचार केला, माझी जर पेरलेली नव्हती, तर तुझी कुठे गेली? तू पेरली तर होतीस. ती कुणालाच का सापडली नाही? आम्ही काही सगळेच झोपलो नव्हतो. मग मी नोंदींतला तो भाग काढला जो कुणीच कधी बघत नाही, झोत बंद असतानाचा. आपलं शोधायचं सूत्रच तसं होतं. झोत बंद असेल तर नवं केंद्रक जन्मणारच नाही, मग तिथे शोधायचं कशाला?

ती तिथे होती. कित्येक वर्षं तशीच पडून. पाच पायऱ्या, स्वच्छ, एकही आकडा इकडचा तिकडे नाही, आणि सगळे आकडे तेव्हाच्या पुस्तकी गणितातले. तुझ्या निबंधातल्या खऱ्या साखळीशी त्यांचं काही नातं नाही. मी तुझ्या अंदाजाचं केवढं कौतुक केलं होतं! तू आधी वेळ ठरवून ठेवलीस, आणि नेमकं त्या वेळी झोत बंद करून, तो जिथे तयार होतो ती भट्टी बदलत होते. तुझं मूल आईबापांशिवायच जन्माला आलं. एरवी मी तुला यावरून वर्षभर चिडवलं असतं.

तेव्हा टेबलाशी तुला हे सांगता आलं असतं. "ही माझी नाही. माझी चुकीच्या वेळी पडली." लोक तुला हसले असते, पाच मिनिटं. मला वाटतं, तुझं पहिलं कारण एवढंच होतं. तुला हसलेलं चालत नाही, हे मी ओळखून आहे. निदान मला तसं वाटून घ्यायचं आहे.

पण दुसऱ्या दिवशी? तुला लांबच्या प्रयोगशाळेचं बोलावणं आलेलंच होतं. तिथे जाऊन तू हट्टाने तीच ऊर्जा, तोच झोत, तेच लक्ष्य मागत राहिलीस. तुझ्या गौरवाच्या बातमीत लिहिलंय, "सगळे हसत होते, पण त्यांना आतून खात्री होती." आतून कशाला? मी दाखवली होती ना, उभी राहून.

आता तुझी चार पानं. तू म्हणतेस, जुन्या गोष्टी उगाळून कुणाचं भलं होणार. म्हणतेस, मी समितीला लिहावं की जुळवणी सुधारल्यावर एक साखळी नव्याने आढळली, पेरणीचा मुद्दा काढूच नये, आणि मग मूलद्रव्य दोन्ही प्रयोगशाळांचं, नावं दोघींची, घरातल्या घरात. वर दादाच्या रक्तदाबाविषयी एक पूर्ण पान. आणि शेवटी, "तूही आनंदाने हो म्हणशील, माझी चिमणी ती."

मी ते वाक्य वाचलं आणि पत्र पालथं घातलं.

तुला समजतंय का, तू काय मागते आहेस? तू माझं घेतलंस, आणि आता ते टिकायला माझीच साक्ष हवी आहे. माझी साखळी खोटी असेल तर तुझी एकटी पडते आणि समिती तुला हात हलवत परत पाठवते. माझी खरी असेल तर तू त्या टेबलाशी खोटं बोललीस. दोन्ही एकदम तुला मिळणार नाही. आणि मी गोड शब्दांत लिहून ते मिळवून द्यावं, असं तुला वाटतंय. मी तुला इतकी भोळी वाटते, याचा दोष मात्र माझाच आहे. मी तशीच वागत आले.

मला तुझा राग येतो असं लिहिणार होते. राग आहेच. पण त्या संध्याकाळचा चहा मला विसरता येत नाही. ज्या हातांनी घेतलंस त्याच हातांनी नाक पुसलंस, आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणत होते की तू आहेस म्हणून बरं.

२ एप्रिल

आईला सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. तिने विचारलं, "मग आता सुनेला मी काय म्हणायचं?" मी म्हटलं, नेहमीसारखंच बोल. ती म्हणाली, "मला नाही जमायचं," आणि फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवला. दादाला वाटेल आईला ऐकू कमी येतं, म्हणून उचलत नाही. वाटू दे.

समितीला मी गेल्या आठवड्यात उत्तर पाठवलं. तुला तोंडघशी पाडायचं पत्रही मी लिहून पाहिलं होतं, त्यात दादाचं वाक्यही होतं. ते पाठवलं नाही. दादाला साक्षीदार करून परक्या लोकांपुढे उभं करायला मला जमलं नाही, आणि तुझी बाजू मी का सांगू?

मी फक्त दोन साखळ्या पाठवल्या. एक झोत चालू असतानाची, पोलोनियमसकट. दुसरी झोत बंद असतानाची. सोबत आपला पेरणीचा नियम समजावून सांगितला आणि लिहिलं की या प्रयोगात एक साखळी पेरलेली होती. ती कोणती हे नियमाप्रमाणे पेरणाऱ्यानेच सांगायचं असतं, आणि पेरणारी बाई तुमच्या समोरच आहे. थोरल्या सरांनाही प्रत पाठवली. ते आता फार थकलेत, पण त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "तिने ओळखली नव्हती का गं स्वतःची?" मी म्हटलं, विचारा तिलाच.

आता समितीचं पत्र तुझ्याकडे येईल. त्यात एकच प्रश्न असेल, यातली तुमची कोणती. पहिलीवर बोट ठेवलंस, तर तू तेव्हा बोललीस तेच पुन्हा बोलशील. तुझा शब्द राहील आणि मूलद्रव्य जाईल. दुसरीवर ठेवलंस तर मूलद्रव्य राहील, ते आधी कुणी पाहिलं हेही राहील, आणि त्या दिवशी तू खोटं बोललीस हेही. मला यातलं काय हवं आहे, हे मी सांगणार नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझे डोळे कच्चे आहेत, मला खोट्यातलं खरं कळत नाही. ते आता मला वाटत नाही. एवढं मी परत घेतलं आहे.

यापुढे मला चिमणी म्हणू नकोस. वहिनी हा शब्दही मी थोडे दिवस बाजूला ठेवते आहे. लग्नाआधीचं तुझं नाव घ्यायला जीभ वळत नाही, म्हणून वर मायनाच घातलेला नाही.

मागच्या वेळी उत्तर देताना तू माझ्याकडे बघितलंस, हसलीस, आणि मग म्हणालीस. या वेळी मी समोर नसेन. कागद असेल, दोन साखळ्या असतील आणि तू असशील. नीट बघ आणि सांग.